‘टीचर, ह्यानं चिटिंग केलंय!’

बिसीऊट (शाळेतलं दुपारचं जेवण) उरकलं, ताटल्या धुऊन झाल्या आणि पाचच मिनिटांत पहिली तक्रार आली. माझी मावसबहीण बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात सरकारी मराठी शाळेवर आहे. पहिली-दुसरीचा वर्ग तिच्याकडं. दिवाळी होऊन गेलेली, मैदान वाळलेलं (खानापूरकडचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्यालाच वाळलेल्या मैदानाची किंमत कळेल) आणि गोट्यांना ऊत आलेला. त्या एका मधल्या सुट्टीत मी तिच्या शेजारी उभा राहून तक्रारी मोजल्या. अकरा भरल्या. त्यातल्या सात शब्दाशब्दानं एकच: ‘टीचर, ह्यानं चिटिंग केलंय!’ आमच्या लहानपणी त्याला अंचई म्हणत. शब्द बदलला, सूर तोच आहे.

आरोपी साडेसहा वर्षांचा. रेघेच्या पुढं पाय टाकून त्यानं गोटी मारली, असं बाकीच्या तिघांचं म्हणणं. तो मात्र ताईच्या डोळ्यांत बघून सांगत होता, ‘न्हाई टीचर, मी मागंच हुतो की.’ पायानं ओढलेली रेघ तर खेळता खेळता कधीच पुसली गेलेली. मी असतो तर आधी कान धरला असता. ताईनं एवढंच विचारलं, ‘रेघ कुठं ठरली होती?’ आरोपीसकट चौघांनी चार ठिकाणी बोटं दाखवली.

हा खटला स्वित्झर्लंडमध्ये शंभरेक वर्षांपूर्वी चालून गेलाय. ज्याँ पियाजे हा मानसशास्त्रज्ञ तिथल्या मुलांपुढं गोट्या घेऊन बसायचा आणि म्हणायचा, मला हा खेळ येत नाही, शिकव. मुलं शिकवायची, तो टिपून घ्यायचा. त्यातून 1932 साली त्याचं लहान मुलांच्या नीतिविचारावरचं पुस्तक आलं. त्याला दिसलं ते असं. चार-पाच वर्षांची दोन मुलं शेजारी बसून ‘एकत्र’ खेळतात, पण प्रत्येकाचा डाव वेगळा असतो. कोण जिंकलं असं विचारलं तर दोघंही म्हणतात, मी! त्यांच्या लेखी जिंकणं म्हणजे मजा येणं, त्यामुळं सगळेच एका वेळी जिंकू शकतात. सात-आठच्या सुमारास समोरच्यावर मात करायची हौस येते आणि त्यासाठी दोघांचा नियम एक हवा हेही कळू लागतं. तरी प्रत्येकाला बाजूला घेऊन नियम विचारले तर उत्तरं जुळत नाहीत. अकरा-बारा वर्षांची पोरं मात्र नियमांचा कीस काढतात.

पियाजेला आणखी एक गंमत सापडली. नियम बदलता येतील का, असं विचारल्यावर लहान मुलं दचकायची. नियम म्हणजे बापानं, देवानं किंवा गावच्या मोठ्या माणसांनी घालून दिलेली गोष्ट, तिला हात कसा लावायचा? आणि हीच मुलं खेळताना नियम सर्रास मोडायची. मोठी मुलं म्हणायची, सगळ्यांनी ठरवलं तर बदलू की! आणि ती नियम पाळायची. नियम देवाचा मानणारे तो मोडतात आणि आपणच केलाय हे ज्यांना कळलंय ते पाळतात. (मोठ्यांच्या जगाबद्दल इथं चार ओळी लिहायचा मोह आवरतो.) पुढच्या संशोधकांनी पियाजेच्या वयाच्या पायऱ्या बऱ्याच सैल केल्या. तीन-चार वर्षांच्या मुलालाही मारणं आणि खेळाचा नियम मोडणं यांतला फरक कळतो, हे त्यांनी दाखवलं. पण चार पोरं आणि चार रेघा हे दृश्य आजही कुठल्याही मैदानात दिसेल.

म्हणजे आमचा आरोपी खोटं बोलत होता की नव्हता? थोडं बोलत असेलही. पण त्याच्या मनातली रेघ खरोखरच एक वीत पुढं होती, हीही शक्यता तेवढीच दाट. म्हणून ताईच्या वर्गात डाव सुरू होण्याआधी नियम मोठ्यानं बोलायची पद्धत आहे. प्रत्येकानं एक नियम सांगायचा. गोटी घसरली तर परत मारायची की नाही? दुसऱ्याच्या गोटीला पाय लागला तर? यात पाच मिनिटं जातात. वरच्या वर्गांचे एक गुरुजी याला वेळेचा खेळखंडोबा म्हणतात. माझ्या मते सगळ्या सुट्टीतली तीच पाच मिनिटं सर्वांत कामाची असतात.

नियम माहीत असला तरी पाय थांबतोच असं नाही. ‘चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड’ आठवा. म्हैस उडत नाही हे तीन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं, तरी बोट वर जातंच. हाताला सुटलेला हुकूम मागं घेण्याचं काम कपाळामागचा मेंदूचा भाग करतो आणि तो भाग पूर्ण पिकायला विशी उलटावी लागते. तीन ते सात या वयात त्याची ताकद झपाट्यानं वाढते, पण खेळाच्या रंगात, हरायची भीती असताना, ती पहिल्यांदा दगा देते. मुलांचा हा लगाम मोजायला मानसशास्त्रज्ञ जी चाचणी वापरतात तीही ‘चिमणी उड’च्या कुळातलीच आहे. डोक्याला हात लाव म्हटलं की पायाच्या बोटांना लावायचा आणि बोटांना म्हटलं की डोक्याला. ‘शिवाजी म्हणतो’ खेळणाऱ्या पिढ्यांनी ही चाचणी कसलाही शोधनिबंध न वाचता दिली आहे.

आता मैदानाच्या कडेचा दुसरा खेळ. शाळेच्या पायरीपाशी दोन कुत्री एकमेकांना लोळवत होती, एक दांडगं, एक किरकोळ. दांडगं मधूनच आपण होऊन उताणं पडायचं आणि किरकोळ त्याच्या छाताडावर चढायचं. प्राण्यांच्या खेळात हे सर्रास दिसतं. जोरावर असलेला स्वतःचा जोर कमी करतो, कारण तसं केलं नाही तर समोरचा खेळायचंच सोडेल. कुत्री पुढचे पाय टेकून, मागचा भाग वर करून वाकतात, तोही ‘हे खेळणं आहे’ असा निरोप असतो. मार्क बेकॉफ या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानं 1995 साली दाखवलं की चावून मान झटकण्यासारखी गैरसमज होईल अशी हालचाल असेल तेव्हा तिच्या आगेमागे कुत्री हा नमस्कार जास्त घालतात. चावलो, पण रागानं नाही बरं का!

आपल्या पोरांकडं याच कामाची दोन जुनी हत्यारं आहेत. एक, ‘टाइम प्लीज’. दुसरं त्याहून भारी: लिंबूटिंबू, काही ठिकाणी कच्चा लिंबू. धाकटं भावंड गळ्यात पडलेलंच असतं, त्याला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, पण आऊट धरायचं नाही, राज्य द्यायचं नाही. कुणी मोठ्यानं शिकवलेलं नसताना पोरांनी केलेली ही तरतूद मला फार हुशारीची वाटते. कच्च्या लिंबाला हरण्याची झळ लागत नाही, आणि तरी तो रोज कडेनं नियम बघत पिकत असतो. ताई पहिलीतल्या नव्या मुलांना पहिले काही आठवडे लिंबूटिंबू ठेवते. बढती कधी द्यायची ते पोरं ठरवतात.

तक्रारींकडं परत येऊ. अकराच्या अकरा ‘ह्यानं’ किंवा ‘हिनं’ केल्याच्या होत्या, ‘मी केलं’ अशी एकही नव्हती. याचा सरळ पडताळा 2015 साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आला. भारत, अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, पेरू, सेनेगल आणि युगांडा या 7 देशांत दोन-दोन मुलं समोरासमोर बसवली. गोळ्यांची वाटणी समोर आली की त्यांतल्या एकानं दांडा ओढून ती घ्यायची किंवा दोघांच्याही गोळ्या घालवायच्या. मला एक आणि त्याला चार? नको, दोघांनाही नको! हे सातही देशांत वाढत्या वयाबरोबर दिसलं. मला चार आणि त्याला एक? ही वाटणी नाकारणारी मुलं वयानं मोठी होती आणि फक्त तीन देशांत तसा कल आढळला. त्यांत भारत नव्हता. यावरून आपली पोरं स्वार्थी असा निकाल लावू नये. आपल्याकडं मोठ्यानं वाटून दिलेलं नाकारणं हाच मुळात उद्धटपणा मानतात. असा अंदाज मी करतो, अभ्यासात तो नाही. पण स्वतःवरचा अन्याय आधी दिसतो आणि आपल्या बाजूला झुकलेलं पारडं उशिरा, हा क्रम मैदानात रोज दिसतो.

हे पारडं स्वतः होऊन सरळ करायला किती जड जातं ते सातवीच्या पोरांना सांगायचं तर ताई गुंडाप्पा विश्वनाथचं नाव काढते. 1980 सालचा वानखेडेवरचा कसोटी सामना, इंग्लंडच्या बॉब टेलरला पंचांनी बाद दिलेलं, आणि कर्णधार विश्वनाथनं त्याला परत बोलावलं. तो सामना आपण हरलो. पोरं लगेच विचारतात, ‘मग बोलावलं कशाला बे?’ प्रश्न रास्त आहे आणि ताई त्याचं उत्तर देत नाही.

कौतुकाची गोष्ट जरा अवघड. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी 1998 साली पाचवीच्या मुलांना कोडी घातली. काहींना म्हटलं, तू हुशार आहेस. काहींना म्हटलं, तू कष्ट घेतलेस. मग मुद्दाम अवघड कोडी देऊन सगळ्यांना आपटवलं. शेवटी दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलासाठी आपले गुण लिहायला सांगितले. ‘हुशार’ म्हटलेल्यांपैकी जवळपास 40 टक्क्यांनी ते वाढवून लिहिले. कष्टाचं कौतुक झालेल्यांत असे फारच थोडे. ड्वेक यांच्या पुढच्या कामावर संशोधकांत वाद झडले आहेत, पण ‘तू चॅम्पियन’ म्हणवल्या गेलेल्या पोराला हार लपवावीशी वाटणं यात मला नवल वाटत नाही. ताई जिंकणाऱ्याला शाबासकी देते ती नेमबाजीची. हरणाऱ्याला ‘काही होत नाही’ म्हणत नाही. ‘राग आलाय की वाईट वाटालंय?’ असं विचारते. कधी उत्तर येतं, कधी नुसतं नाक पुसलं जातं. ‘चिडका बिब्बा’ म्हणायला मात्र तिच्या मैदानात बंदी आहे.

शिक्षा म्हणून मधली सुट्टी काढून घेणं, हा आमच्या शाळेतला लाडका उपाय होता. डाव मोडला म्हणून आठवडाभर खिडकीतून मैदान बघत मी काय शिकलो ते आजही सांगता येणार नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2013 साली स्पष्ट म्हटलं की शिक्षेखातर सुट्टी हिरावू नये.

या भागात एक प्रश्न जास्तीचा असतो. बऱ्याच गावांत मराठी आणि कन्नड शाळा शेजारी, कधी एकाच आवारात. संघ पाडायचे तर सोपी फाळणी समोरच असते, आणि ताई नेमकी तीच होऊ देत नाही. 1954 साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमात मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञानं एकमेकांना न ओळखणारी 22 मुलं, सगळी अकराच्या आसपासची, दोन गटांत विभागली आणि बक्षिसं लावून सामने भरवले. थोड्याच दिवसांत झेंडे जळले, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी पडल्या. नुसतं एकत्र जेवायला बसवून काही सुधारलं नाही. बंद पडलेला ट्रक ओढायची वेळ आली तेव्हा मात्र सगळे एका बाजूला लागले, आणि दोर तोच होता, रस्सीखेचीचा. ती भांडणं मोठ्यांनीच पेटवली, अशी टीका पुढं झाली. ती खरी असेल तर शिक्षकांसाठी हा प्रयोग आणखी कामाचा ठरतो.

इथं संघ पडतात ते हाताचे पंजे उताणे-पालथे टाकून, आणि रोज नवे. लगोरी दोन्ही भाषांत लगोरीच. त्या दिवशी शेजारच्या कन्नड शाळेतली पाच-सहा पोरं आलेली. ठिकऱ्या मोजल्या कन्नडमध्ये, आऊट इंग्रजीत, भांडण मराठीत.

गोट्यांवाल्या चौघांची रेघ मात्र अजून ठरत नव्हती. एकानं काठी आणली, दुसऱ्यानं पावलं मोजली, पावलं कुणाची मोजायची यावर पुन्हा वाद झाला. रेघ ओढून होतेय तोवर घंटा झाली. डाव झालाच नाही. आरोपीनं गोट्या खिशात कोंबल्या, पळत सुटला, अर्ध्यातनं परत आला आणि रेघेच्या दोन्ही टोकांना एकेक दगड ठेवून वर्गात गेला.