मंडळी (ख्रिस्ती जीवनातली)

मराठी प्रोटेस्टंट माणूस 'मंडळी' म्हणतो तेव्हा त्याला बिल्डिंग म्हणायची नसते. बिल्डिंगला चर्च म्हणतात, जुनी माणसं देऊळ पण म्हणतात. मंडळी म्हणजे माणसं, दर रविवारी येणारी, मीटिंगमध्ये भांडणारी आणि तरी मयताला सगळ्यात आधी पोचणारी. बायबलच्या नव्या करारातल्या एक्लेसिया या ग्रीक शब्दासाठी मराठीत हा शब्द घेतला. मूळ ग्रीकमध्ये तो शहरातल्या नागरिकांच्या सभेचा शब्द, देवधर्माशी खास संबंध नसलेला, आणि आपल्याकडे घरची मंडळी, जेवायला बसलेली मंडळी असं बोलतातच, त्यामुळे भाषांतर मस्त जमलंय. कॅथलिक लोक ख्रिस्तसभा म्हणतात.

आता मंडळी टिकते कशावर, तर माझ्या मते जेवणावर. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 2 ऱ्या अध्यायात पहिले विश्वासणारे जमीनजुमला विकून सगळं सामाईक ठेवायचे, घरोघरी भाकर मोडायचे, म्हणजे एकत्र जेवायचे, असं येतं, पण 6 व्या अध्यायात लगेच तक्रार, की ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय! मग त्या कामाला सात जण निवडले. करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीत तर पैसेवाले आधीच जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी, म्हणून येशूचा प्रचारक पौल याने त्यांना पत्रातून चांगलंच झापलंय.

हे महाराष्ट्रात आलं तेव्हा प्रश्न अजून अवघड झाला, कारण इथे कोण कोणाच्या हातचं खातो यावरच तर जात उभी होती. अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांच्या संस्थेचं काम मुंबईत 1813 ला सुरू झालं, अहमदनगरला 1831 मध्ये, आणि पुढे त्या भागात महार-मांग कुटुंबं मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली, थोडे ब्राह्मणही. प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायच्या विधीत, एकाच प्याल्याला ओठ लावायचे म्हणजे काय हे त्या काळच्या माणसालाच विचारावं. जात गेली का? पंगतीतून गेली म्हणू, पण लग्न जुळवताना अजून मूळ कुठले हे हळूच विचारलं जातं.

कवी ना. वा. टिळकांना मिशनच्या चौकटीतली मंडळी अपुरी वाटली, त्यांनी 1917 मध्ये 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेले ख्रिस्तभक्त पण चालणार होते. 1919 ला ते वारले आणि ते काम फार पुढे गेलं नाही, पण मंडळीची हद्द कुठे संपते हा त्यांचा प्रश्न अजून तसाच आहे. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात वेगवेगळ्या पंथांची चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, ते झालं कागदावरचं ऐक्य.

रोजचं ऐक्य बघायचं तर प्रीतिभोजनाला, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणाला जावं, पाळक साहेब (चर्चचे धर्मगुरू) स्वतः वाढायला उभे असतात, किंवा हार्वेस्टच्या, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या रविवारी, जेव्हा कोणीतरी आणलेला भोपळा लिलावात जातो, घेणारा तो परत अर्पण करतो, आणि तोच भोपळा पुन्हा लिलावाला येतो.