‘पगार पडला का?’ : खात्यावर येणाऱ्या सरकारी पैशाची पार्श्वभूमी

मराठवाडा-विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी सकाळी बँक उघडायच्या आधीच पायरीवर म्हाताऱ्या बायका येऊन बसलेल्या दिसतात. प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक आणि आधार कार्डाची झेरॉक्स, पदराच्या गाठीत एसटीपुरते पैसे. एकमेकींना विचारणं एकच, ‘पगार पडला का?’ हा पगार म्हणजे संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचं अनुदान. सरकारी कागदावर ते ‘अर्थसाहाय्य’ असतं. गावाने त्याला पगार म्हटलं, आणि मला तो शब्द फार नेमका वाटतो. पगार ठरल्या दिवशी येतो आणि तो आपल्या हक्काचा असतो. गरीब घराला रोख पैसे दिल्याने काय होतं, हे बरंचसं या दोन गोष्टींवर ठरत आलं आहे.

महाराष्ट्राने सुरुवात केली ती कामाच्या बदल्यात पैसा देऊन. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग केला. पुढे १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावांवर माती उपसायला गेली, तेव्हा ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना राज्यभर रुजली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्यासाठी पैसा उभा करायला १९७५ पासून व्यवसाय कर आला. नोकरदाराच्या पगारपत्रकावर आजही ‘पी.टी.’ म्हणून कापली जाणारी रक्कम तीच. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराचा भार थोडा उचलायचा, असा तो सरळ व्यवहार होता.

पण कुदळ ज्याला उचलवत नाही त्याचं काय? पदरात लहान मूल असलेली विधवा, अपंग, थकलेला म्हातारा यांच्यासाठी १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. केंद्राने १५ ऑगस्ट १९९५ पासून वृद्धांना महिना ७५ रुपये द्यायला सुरुवात केली. पुढे ते २०० झाले आणि साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धासाठी केंद्राचा वाटा वर्षानुवर्षं तिथेच थांबला. बाकीची भर राज्याने घातली. महाराष्ट्रात निराधारची रक्कम २०१९ मध्ये १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली. रक्कम वाढली, पण अपंग सोडून बाकीच्यांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची २१,००० रुपयांची अट कायम राहिली. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे घरातलं कोणी रोहयोवर ७१ दिवस राबलं, तरी कागदोपत्री ते घर ‘निराधार’ उरत नाही. मग तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणायचा, तो कमीचाच आणायचा, आणि दरवर्षी हयातीचा दाखला देऊन आपण जिवंत आहोत हेही सिद्ध करायचं. गरिबाला खोटं बोलायला भाग पाडणारी ही अट आहे, आणि तिचा मला मनापासून राग येतो.

बाहेरच्या जगात हा विचार वेगळ्या वाटेने वाढला. मेक्सिकोने १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ सुरू केली. मुलं शाळेत पाठवा, दवाखान्यात तपासून घ्या, पैसे आईच्या हाती येतील, असं तिचं सूत्र होतं. ब्राझीलची ‘बोल्सा फामिलिया’ २००३ ची. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीच्या शेवटी कृष्णवर्णीय वृद्धांची पेन्शन वाढली, तेव्हा अर्थतज्ज्ञ एस्थर दुफ्लो यांना त्या घरांत एक गोष्ट आढळली. पेन्शन आजीच्या हाती आली तिथे नातींची वाढ सुधारली. आजोबांच्या हाती आली तिथे तसा फरक दिसला नाही. रक्कम तीच होती, हात बदलला होता.

आपल्याकडे मात्र बराच काळ वाद एकाच शंकेभोवती घोटाळला. फुकटचा पैसा मिळाला तर लोक दारू पितील, काम सोडतील. या शंकेचं उत्तर देणारा प्रयोग आपल्या शेजारीच, मध्य प्रदेशात इंदूरकडच्या भागात झाला. ‘सेवा’ या स्त्री कामगारांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने २०११ मध्ये आठ गावांत सगळ्यांना पैसे द्यायला सुरुवात केली, गरीब-श्रीमंत न बघता. मोठ्या माणसाला महिना २०० आणि मुलामागे १०० रुपये, वर्षभराने ३०० आणि १५०. मुलांचे पैसे आईकडे जात. अट एकही नव्हती. शिवाय एका आदिवासी गावातही असाच प्रयोग झाला. पैसे न मिळालेल्या तशाच गावांशी ही गावं ताडून पाहिली गेली.

दीड वर्षात तिथे दिसलं ते असं. मुलांची, त्यातही मुलींची वजनं सुधारली. मुली वरच्या वर्गापर्यंत शाळेत टिकल्या. शेळ्या-कोंबड्या वाढल्या. दारूवरचा खर्च वाढला नाही. कामाचंही उलटंच झालं: दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी झाली आणि स्वतःच्या शेतावरचं काम वाढलं, कारण बी-खताला हाताशी थोडा पैसा होता. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो कर्जाचा भाग. खेड्यातल्या गरीब घराची खरी अडचण निव्वळ कमी उत्पन्नाची नसते, ते वेळेवर नसण्याची असते. पोराला ताप येतो तो नेमका हाती काही नसताना. मग सावकाराकडे जायचं, नाहीतर उचल घ्यायची आणि मुकादम म्हणेल तिथे राबायचं. दर महिन्याला नक्की येणारे पाचसातशे रुपये हे चक्र जरा सैल करतात. तेवढीच रक्कम वर्षातून एकदा, कधीतरी आली, तर ते होत नाही.

त्यानंतर योजना फार झपाट्याने खात्यावर सरकल्या. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. १ जानेवारी २०१३ पासून थेट लाभ हस्तांतरण, ज्याला सगळे डीबीटी म्हणतात, सुरू झालं. ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन खाती आली. मधले हात गळाले, हे खरं आहे आणि ते चांगलंच झालं. पण त्याच काळात दोन ठिकाणी धडे मिळाले होते. राजस्थानच्या कोटकासिममध्ये २०११ च्या अखेरीस रॉकेल बाजारभावाने विकून सबसिडी खात्यावर देण्याचा प्रयोग झाला. रॉकेलची विक्री एकदम कोसळली आणि ती बचत म्हणून मिरवली गेली. प्रत्यक्षात अनेकांच्या खात्यावर पैसेच येत नव्हते, म्हणून त्यांनी घेणं सोडलं होतं. झारखंडच्या नगडीत २०१७ मध्ये १ रुपया किलोचा तांदूळ ३२ रुपयांनी घ्या आणि फरक खात्यावर घ्या, असं सांगितलं गेलं. आधी बँकेत पैसे आले का ते बघा, मग सेवा केंद्रावर अंगठा लावून काढा, मग रेशन दुकान गाठा. लोक रस्त्यावर उतरले आणि पुढच्या वर्षी तो प्रयोग गुंडाळावा लागला.

महाराष्ट्रात जून २०२४ मध्ये ‘माझी लाडकी बहीण’ जाहीर झाली. गृहिणीला महिन्याचे पैसे देण्याची कल्पना गोव्याने २०१२ पासून ‘गृह आधार’ मधून राबवली होती, आणि मध्य प्रदेशची ‘लाडली बहना’ २०२३ ची. आपल्याकडे २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या बाईला महिना १,५०० रुपये. ऑगस्टमध्ये रक्षाबंधनाच्या आसपास दोन हप्ते एकदम पडले. कितीतरी बायकांच्या खात्यावर पहिल्यांदाच स्वतःच्या नावाचे, कुणाला न विचारता खर्चता येतील असे पैसे आले. मी याला खैरात म्हणणार नाही. पण जुन्या आणि नव्या योजनेतली विसंगती डोळ्यांवर येते: १,५०० रुपये विधवेलाही आणि लाडक्या बहिणीलाही, पण विधवेला उत्पन्नाची मर्यादा २१,००० ची आणि बहिणीला अडीच लाखांची. निराधारला रांग, समिती, हयातीचा दाखला. बहिणीला निवडणुकीच्या वर्षात भराभर अर्ज, आणि निवडणूक सरल्यावर पडताळणी आणि ई-केवायसी.

धान्याऐवजी पैसे देण्याचा प्रयोगही आता आपल्या घरात आला आहे. शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डधारक शेतकरी कुटुंबांना पूर्वी माणशी ५ किलो धान्य २ रुपये किलो गहू, ३ रुपये किलो तांदूळ या भावाने मिळायचं. २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये घरातल्या बाईच्या खात्यावर देण्याचं ठरलं, पुढे १७० झाले. ५ किलोला १७० म्हणजे किलोमागे ३४. भाव चढला की पूर्वी तो सरकारच्या अंगावर पडायचा, आता तो त्या घराच्या अंगावर पडतो. शिवाय रेशन दुकान गावात होतं. बँक तालुक्याला आहे, आणि जाण्यायेण्याचं तिकीट त्याच पैशातून काढायचं आहे.