पिकअप उचलण्याआधी टेप घ्या

माझ्या आतेभावाची शेती सिमरोलच्या पुढे आहे. बटाटा आणि लसूण तो स्वतःच्या पिकअपमधून इंदूरच्या चोइथराम मंडीत आणतो. गाडी सोळा वर्षांची. पावसाळ्यात माळव्याच्या काळ्या मातीत चाकोऱ्या इतक्या खोल पडतात की गाडीचं पोट मधल्या वरंब्याला घासतं. जुलैमध्ये रामबागेत आमच्याकडे चहाला आला होता, तेव्हा म्हणाला, "दादा, गाडी तीन इंच उचलून घेतो. ट्रान्सपोर्ट नगरमध्ये ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ब्लॉक टाकून देतात. दोन तासांचं काम."

पाटे म्हणजे ॲक्सलवर गाडीचा भार झेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्या; त्यांचीच स्प्रिंग बनते. मी म्हटलं, "आधी टेप आण आणि गाडीखाली चल."

गाडी रिकामी, फरशी सपाट, चारही टायरांत हवा बरोबर. चाकाच्या हबच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत उभं अंतर मोजलं. मागे उजवीकडे ४४ सेंटिमीटर, डावीकडे ४०. म्हणजे गाडी एका बाजूला बसली होती. टॉर्च घेऊन खाली शिरलो. डाव्या बाजूच्या तिसऱ्या पाट्यावर, मधल्या बोल्टच्या जवळ, गंजाची एक बारीक तांबूस रेघ होती. नखाने खरवडली तर ती रेघ नव्हती, चीर होती.

पाटे का बसतात? स्प्रिंगचं पोलाद ठरावीक मर्यादेपर्यंत वाकतं आणि पूर्ववत होतं. मर्यादा ओलांडली की थोडं वाक कायमचं उरतं. क्षमतेपेक्षा जास्त पोती भरून गाडी खड्ड्यात आपटली की प्रत्येक वेळी केसभर कमान कमी होते. त्यात पाट्यांमध्ये चिखल आणि गंज साचतो, गंजाचे खड्डे पडतात आणि तिथूनच भेग सुरू होते.

आता त्याच्या मूळ तक्रारीकडे येतो. पोट घासतं म्हणजे नेमकं काय घासतं? मागच्या ॲक्सलच्या मध्यभागी डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना फिरवणाऱ्या गिअरांचा, गोळा असतो. त्याच्या तळाला ताजे, चकाकते ओरखडे होते. चेसिसवर एकही नव्हता. हा गोळा ॲक्सलचाच भाग असतो आणि ॲक्सल चाकांवर टेकलेला असतो. ब्लॉक टाकला की चेसिस आणि हौदा वर जातो, ॲक्सल जागचा हलत नाही. तीन इंच उचलूनही हा गोळा चाकोरीतल्या वरंब्याला तसाच घासला असता. तो वर न्यायचा तर टायरच मोठा हवा. टायरचा व्यास ५ सेंटिमीटर वाढला तर गोळा त्याच्या निम्मा, अडीच सेंटिमीटर वर जातो. शिवाय टायर मोठा झाला की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो आणि चढावर इंजिनाची ओढ कमी पडते.

उंचीची किंमत कुठे मोजावी लागते, हेही त्याला कागदावर दाखवलं. दोन चाकांमधली रुंदी १४० सेंटिमीटर धरू. भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर असेल, तर नुसत्या भूमितीच्या हिशेबाने गाडी सुमारे ३८ अंश कलल्यावर उलटते. तीन इंच, म्हणजे साडेसात सेंटिमीटर वाढवले की हा कोन ३६ च्या आसपास येतो. प्रत्यक्षात पाटे आणि टायर दबतात, माल सरकतो, म्हणून खरा कोन याहून बराच कमी असतो. भेरू घाटाच्या वळणावर लसणाची पोती हौद्याच्या वर रचलेली असताना दोन अंश गमावणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला ब्रेकची वाटली. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक छोटा व्हॉल्व्ह असतो आणि त्याचा दांडा ॲक्सलला जोडलेला असतो. गाडी भरली की चेसिस खाली येतं, दांडा हलतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला पूर्ण दाब देतो. रिकाम्या गाडीत तो दाब कमी ठेवतो, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. ब्लॉक टाकून उंच केलेल्या गाडीत माल भरला तरी अंतर जास्तच राहतं, त्यामुळे व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटत राहते. मग घाट उतरताना मागचे ब्रेक अर्ध्या मनाने लागतात आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर पडून ते तापतात. उंची बदलल्यावर हा दांडा नव्याने बसवावाच लागतो, पण गॅरेजमध्ये तो बहुतेक वेळा तसाच राहतो. ब्रेकचे रबरी पाइपही ताणले जातात. गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत फिरणाऱ्या दांड्याचं, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचं, तेच. शाफ्ट दीड मीटरचा असेल तर साडेसात सेंटिमीटरने त्याचा कोन जवळजवळ ३ अंशांनी वाढतो, आणि कोन वाढला की त्याच्या टोकांचे सांधे, म्हणजे क्रॉस, लवकर झिजतात.

कायदाही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे असा बदल त्या तपासणीत नजरेस येऊ शकतो.

मग आम्ही दोघं ट्रान्सपोर्ट नगरमध्ये गेलो. पाटे दुरुस्त करणाऱ्या कमानीवाल्याने एक नजर टाकली. "भाईसाब, पट्टे बैठ गए हैं." जुनेच पाटे भट्टीत तापवून कमान देतो, म्हणाला. मी नको म्हटलं. स्प्रिंगचं पोलाद लाल तापवून तेलात विझवतात आणि मग पुन्हा कमी उष्णतेवर मऊ करतात. दुसरी पायरी नीट जमली नाही तर पाटा ठिसूळ राहतो किंवा लवकर बसतो, आणि पडलेली चीर तर भट्टीने भरून येत नाही. दोन्ही बाजूंचा संच मूळ मापाचा, नवा घेतला. पाट्यांच्या टोकांचे बुश आणि पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्टही नवे. आतेभाऊ म्हणाला, एक पाटा जास्तीचा टाकू. पण पाटे वाढले की स्प्रिंग कडक होते. सहा सारख्या पाट्यांवर एक वाढवला तर सुमारे सहावा हिस्सा, आणि रिकाम्या परतीच्या फेरीत मागची चाकं उड्या मारत जातात. ते टाळलं.

काम झाल्यावर पुन्हा टेप लावला. दोन्हीकडे ४६. उरलेल्या पैशांत शेताच्या वाटेवर दोन ट्रॉली मुरूम पडला आणि चाकोऱ्या बुजल्या. यू-बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर, गाडी भरलेली असताना पुन्हा आवळायचे आहेत. ती तारीख त्याने मंडीच्या पावतीमागे लिहून डॅशबोर्डवर चिकटवली आहे.