कोंबडा, झुलपं आणि कानावरचे केस: गेले कुठे?

हल्ली कॉलेजची पोरं बाजूने सफाचट आणि मागे मानेवर लांब असे केस ठेवून फिरतात आणि घरोघरी बाप लोक म्हणतात, अरे हे तर आमच्या वेळचं संजूबाबाचं. म्हटलं त्यानिमित्ताने थोडं मागचं लिहूया, कारण फॅशन येते नि जाते एवढं बोलून सगळे मोकळे होतात, ती जाते का ते कोणी सांगत नाही. माझं मत असं की कंटाळा आला म्हणून हेअरस्टाइल सहसा जात नाही, ती ज्याच्या जिवावर उभी असते ते आधी जातं, टोपी म्हणा, क्रीम म्हणा, कंगवा म्हणा, आणि मग मागोमाग केस.

सुरुवात शेंडीपासूनच करावी लागते. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी गिरगावातल्या मराठी माणसाच्या डोक्यावर आजच्यासारखे सगळीकडे केस नसायचेच. पुढचं डोकं वस्तऱ्याने तुळतुळीत, मागे शेंडी, ब्राह्मण असेल तर चांगला मोठा घेरा, कोणी कडेने संजाब राखलेला, कोणाची कानाशी झुलपं. आता आपल्याला हे विचित्र वाटतं कारण आपण ते उघड्या डोक्याने डोळ्यासमोर आणतो, पण उघडं डोकं दिसायचंच कुठे? घराबाहेर पाऊल टाकलं की पगडी नाहीतर पागोटं, नंतरच्या काळात टोपी. मुंबईच्या उकाड्यात पगडीखाली भादरलेलं डोकंच बरं की! आणि बोडक्याने रस्त्यावर आलात तर घरात कोणी गेलंय का असंच समोरचा समजायचा. केस कसे दिसतात हा विषयच नव्हता, दिसायची ती पगडी, आणि माणूस कोण कुठला तेही पगडीच सांगायची.

गांधीजींचं उदाहरण इथे मस्त बसतं. ४ सप्टेंबर १८८८ ला ते मुंबईहून बोटीने विलायतेला निघाले आणि निघायच्या तोंडावर त्यांनी शेंडी काढून टाकली. कारण त्यांनीच आत्मकथेत लिहिलंय, तिकडे डोकं उघडं ठेवायची वेळ येणार आणि शेंडी दिसली तर इंग्रज हसतील. म्हणजे बघा, धर्मबिर्म सोडायचा काही विचार नव्हता, डोकं उघडं पडणार हाच प्रॉब्लेम!

मुंबईत ऑफिसात आणि कॉलेजात हेच सावकाश झालं. पगडीची काळी टोपी झाली, टोपी खिशात गेली, १९४० च्या आसपास तरुण पोरं सरळ बोडक्याने फिरायला लागली आणि म्हातारे चिडायला लागले. तोवर घेऱ्याची शेंडी आणि शेंडीची चार केसांची शेपटी झालेली होतीच. आता ती दिसते ती मुंजीत, तीही कार्यालयाची वेळ संपेपर्यंत, आणि कित्येक घरी तर कैची नुसती लावल्यासारखी करतात कारण मुलाला सोमवारी शाळेत जायचं असतं.

न्हाव्याचा धंदाही याच काळात बदलला. गावाला तो बलुतेदार, धोकटी घेऊन घरी यायचा, वर्षाचं धान्य मिळायचं, हजामत ठरलेली, त्यात चॉइस वगैरे काही नाही. मुंबईत रोख पैसे आणि रोख पैशाबरोबर आपलं काम आपण ठरवायची ताकदही आली (इथल्या नाभिकांनी १८९० मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं ठरवलं होतं, हा इतिहास आपल्याकडे फारच कमी सांगितला जातो). ज्यांना दुकान परवडलं नाही ते फूटपाथवर गिऱ्हाईकाला विटेवर बसवून धंदा करायचे, त्यालाच मुंबईकर इटालियन सलून म्हणतात. पण दुकान झालं की समोर एक आणि मागे एक असे दोन आरसे आले आणि माणसाला स्वतःची मान मागून दिसली. तेव्हापासून 'मागून अजून थोडे घ्या' हे जे सुरू झालंय ते आजतागायत.

आता कोंबडा. टोपी गेल्यावर डोक्यावर पुढे एवढी मोकळी जागा मिळाली की लोकांनी तिथे इमारतच बांधली. तिरका भांग, पुढचे केस वर उचलून मागे वळवलेले, मध्ये फुगा, बाजू चप्प. देव आनंदचा सगळ्यात फेमस, दिलीपकुमारने मात्र एक बट कपाळावर सोडलेली, ती जमायला जास्त कठीण कारण मुद्दाम केलेली दिसता कामा नये. हे सगळं उभं राहायचं कशावर, तर ब्रिलक्रीमवर. ब्रिलक्रीम निघालं १९२८ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमला, पाणी, मिनरल ऑइल आणि मधमाशीचं मेण असं ते मिश्रण, केस चमकतातही आणि जागेवरही बसतात. खोबरेल तेलाने नुसते चपटे व्हायचे, मान वर काढायचेच नाहीत. आणि त्याच्या जाहिरातीत साठच्या दशकात कोण झळकला, तर आपला फारुख इंजिनियर, माटुंग्याच्या डॉन बॉस्कोचा विद्यार्थी आणि टेस्टचा विकेटकीपर. मुंबईच्या पोरांना अजून काय पाहिजे.

पण क्रीम लावलं की काम संपलं असं नाही, कारण मुंबईत लोकल आहे. दारात उभं राहिलं की दादर ते बांद्रा एवढ्यात कोंबडा आडवा. म्हणून मागच्या खिशात कंगवा हवाच, बसलं की मोडणारा प्लास्टिकचा, ट्रेनमध्येच विकायला यायचा. उतरलं की पानवाल्याच्या आरशात बघून दोन हात मारायचे, इराण्याच्या हॉटेलात शिरलं तर बेसिनपाशी परत, आणि ते इतकं चालायचं की इराण्यांनी 'केस विंचरू नका' अशा पाट्या लावल्या. लोकलचा पंखा अडकला की त्याच कंगव्याने पातं ढोसून चालू करायचा, हे मुंबईबाहेर कोणाला सांगून पटत नाही. आता पंखा अडकला तर कोणाच्या खिशात कंगवा नसतो, लोक पेन काढतात.

कोंबड्याला मारलं ते कोरड्या केसांनी. साठच्या दशकाच्या शेवटी हिप्पी आले, लांब केसांचे इंग्लंडचे गाणारे बीटल्स १९६८ मध्ये ऋषिकेशला येऊन राहिले, त्याच जानेवारीत त्यांच्यातलाच जॉर्ज हॅरिसन मुंबईत रेकॉर्डिंग करून गेला होता. लांब केस म्हणजे साधू नाहीतर तमाशातला हे समीकरण तिथून ढिलं पडलं. मग अमिताभ. कान झाकलेले, खाली लांब कल्ले, आणि क्रीम अजिबात नाही. चाळीत ज्याच्या त्याच्या कानावर केस आणि शाळेत पीटीचे सर कानाला केस टेकले की वर्गाबाहेर काढणार, 'उद्या कापून ये', आणि घरी बाप स्वतःचे कान झाकून तुला कसला बच्चन व्हायचंय म्हणून ओरडणार. १९८२ मध्ये डिस्को डान्सर आला आणि मिथुन कट झाला, तो अजून थोडा लांब आणि मागे जास्त. ऐंशीच्या दशकात शॅम्पूची छोटी पाऊचं दुकानादुकानात लटकायला लागली ही गोष्ट लोक विसरतात, पण १९९० च्या आशिकीतला राहुल रॉय बघा, मधला भांग आणि दोन्हीकडून कपाळावर पडणारे हलके केस, ते तेल घातलेल्या डोक्याने होणारच नाही. आणि मग साजन, खलनायक, संजय दत्तचे मानेवरचे केस. मुंबईत १९९३ च्या सुमाराला नाक्यावर पाच पोरं उभी असली तर मागून कोण कुठला ओळखता यायचं नाही.

पुढचं भराभर सांगतो, कारण या स्टाइल टिकल्याच कमी. कटोरा कट म्हणजेच मशरूम, लहान मुलांच्या माथी मारला गेला, त्याबद्दल आयांना माफी नाही. मग स्टेप कट, थराथराने कापलेले केस. २००१ च्या दिल चाहता है ने केस एकदम आखूड केले, जेल लावून स्पाइक्स आले, जेल वाळलं की खांद्यावर पांढरा भुगा. २००३ ला तेरे नाम आला आणि सगळं उलटं, परत लांब, परत मधला भांग, पावसाळ्यात विरार फास्टमधून उतरलेला तेरे नाम कट ज्याने बघितलाय त्याला तो का गेला हे सांगायची गरज नाही. धोनीचे लांब केस, २००६ मध्ये लाहोरला पाकिस्तानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुशर्रफ जाहीरपणे म्हणाले की हे कापू नकोस, त्याने पुढे कापलेच. आणि २ एप्रिल २०११ च्या रात्री वानखेडेवर वर्ल्डकप जिंकल्यावर सकाळी बघतो तर गडी तुळतुळीत टकला.

तोपर्यंत खरा बदल झालेला होता आणि तो कोणा हिरोमुळे नाही, इलेक्ट्रिक ट्रिमरमुळे. जुनं हाताचं मशीन, मानेवर थंडगार लागायचं आणि मध्येच केस उपटायचं, त्याने फक्त मान साफ व्हायची, बाकी सगळं कंगव्यावर कैची चालवून. नीट स्टेप कट म्हणजे कारागिराचा हात, प्रत्येक थर वेगळ्या मापाचा, शनिवारी-रविवारी रांग लागलेली असताना त्याला वेळ कुठून आणायचा? ट्रिमरला एक नंबर, दोन नंबर, झिरो असे गार्ड आले, बाजू तीन-चार मिनिटांत खलास, म्हणून मग फेड (खाली खाली बारीक होत जाणाऱ्या बाजू) आणि अंडरकट (बाजू एकदम बारीक, वर लांब). २००८ च्या गजनीनंतर बारीक कट मागणारे वाढले तेही या मशीनला सोयीचंच पडलं. लॉकडाऊनमध्ये महाराष्ट्रातली सलून २८ जून २०२० ला उघडली ती पण केस कापण्यासारख्या ठरावीक कामांना, दाढी नाही, आणि मधल्या तीन महिन्यांत घरोघरी ट्रिमर येऊन बायकोने नाहीतर मुलीने नवऱ्याचं नाहीतर बापाचं डोकं चार नंबरने फिरवून घेतलेलं होतं.

यात शेवटी भांगही गेला. बाजूने झिरो असेल तर भांग पाडायचा कुठे? आता कोणाला हवाच असेल तर ब्लेडने रेघ ओढून देतात, ती आठवड्यात भरून येते. परळ-लालबागच्या जुन्या सलूनमध्ये अजून काही पिकलेले कारागीर कैचीवरच काम करतात, त्यांच्याकडे गिऱ्हाईक साठीच्या पुढचं, त्यांचं कापायलाच कमी आणि गप्पाच जास्त.