बरं झाल्यावरही पोटात गोळा का येतो?

"बरा झालास ना? मग आता घाबरतोस कशाला?" लहानपणी कॅन्सरमधून उठलेल्या मुलांना हा प्रश्न घरचेच विचारतात, आणि मायेनेच विचारतात. माझ्या नात्यातला एक मुलगा आता 22 वर्षांचा आहे. आठव्या वर्षी ब्लड कॅन्सर, मग अडीच वर्षं उपचार. आता वर्षातून एकदा तपासणी. आदल्या रात्री त्याला घास जात नाही. सिस्टरने कापसावर स्पिरिट ओतलं की पोट ढवळतं. रिपोर्ट दरवर्षी चांगले येतात, तरी पुढच्या वर्षी तेच.

हा भित्रेपणा नव्हे. पावलॉव्हचा कुत्रा आपण शाळेत शिकलोय: घंटेनंतर खाणं मिळत गेलं, मग नुसत्या घंटेनेही त्याला लाळ सुटायची. इथे घंटेच्या जागी स्पिरिट आहे आणि लाळेच्या जागी मळमळ. 1978 साली अमेरिकेत इलीन बर्नस्टाइन यांनी केमोआधी, म्हणजे मळमळ आणणाऱ्या कॅन्सरच्या औषधांआधी, मुलांना नव्याच चवीचं आइस्क्रीम दिलं. काही आठवड्यांनी तेच पुढे केलं, तर बहुतेकांनी नको म्हटलं. आइस्क्रीमचा काहीच दोष नव्हता, पण शरीराने हिशेब त्याच्याच नावावर मांडला.

वासाचं तर आणखी वेगळं. पाहिलेलं, ऐकलेलं मेंदूत थॅलॅमस नावाच्या ठाण्यावरून पुढे जातं. वासाला तो थांबा नाही. नाकातला संदेश घ्राणकंदातून, म्हणजे मेंदूच्या वास टिपणाऱ्या भागातून, थेट अमिग्डालापर्यंत, म्हणजे भीती लक्षात ठेवणाऱ्या बदामाएवढ्या भागापर्यंत पोचतो. विचार करायच्या आत मळमळ सुरू.

चांगल्या रिपोर्टने भीतीची ही नोंद पुसली जात नाही. 'इथे आता काही वाईट होत नाही' अशी दुसरी नोंद तयार होते आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स तिच्या जोरावर अमिग्डालाला आवरतो. पण मध्ये बराच काळ गेला की जुनी नोंद पुन्हा उसळते. शिवाय नवी शिकवण जागेला बांधलेली असते. प्रयोगात एका पेटीत उंदराच्या मनातली भीती घालवली, तरी वेगळ्या पेटीत ती परत येते. मुलांच्या ओपीडीतून मोठ्यांच्या ओपीडीत गेलेल्या तरुणाचंही असंच होऊ शकतं.

'पॉझिटिव्ह राहा, म्हणजे परत होणार नाही' हे सांगणं तर बंदच करा. उदास राहिल्याने ल्युकेमिया, म्हणजे ब्लड कॅन्सर, उलटतो याला पुरावा नाही. अशा बोलण्याने पोराला रडायचीही चोरी होते.

खरा धोका तपासणी टाळण्यात आहे. केमोतल्या डॉक्सोरुबिसिन या लाल औषधाचा हृदयावरचा परिणाम कित्येक वर्षांनीही दिसू शकतो. त्यासाठी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करत राहावा लागतो. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी 1991 पासून वेगळं क्लिनिक आहे, ते याच दूरच्या परिणामांसाठी. तिथे मनाचं दुखणंही सांगता येतं.

आमच्या मुलाने यंदा पहिल्यांदाच डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "एकदा सुईबिई काही नाही, नुसताच येऊन बस." तो गेला. रक्त घेतात त्या खोलीबाहेरच्या बाकावर वीस मिनिटं बसला, खाली येऊन चहा प्यायला आणि घरी आला. पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे.