सोलापूर ते शिजियाझुआंग : सरळ रेषेतलं अंतर आणि खरी वाट

सोलापुरात भैय्या चौकाजवळ डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं घर आहे, तेच आता त्यांचं स्मारक. त्यांची समाधी चीनमधल्या हबेई प्रांताच्या राजधानीत, शिजियाझुआंगला. दोन्ही ठिकाणांमधलं सरळ हवाई अंतर ४,४०० किलोमीटरच्या आसपास भरतं. जेट विमानाचा वेग ताशी ८५० किलोमीटर धरला, तर सव्वापाच तास. सोलापूर-मुंबई वंदे भारतलासुद्धा साडेसहा तास लागतात!

पण त्या सरळ रेषेवरून आजवर कुणी सहज गेलेलं नाही.

जपानशी लढणाऱ्या चीनला वैद्यकीय मदत करायला १९३८च्या सप्टेंबरमध्ये कोटणीस इतर चार डॉक्टरांबरोबर मुंबईहून बोटीने निघाले. हाँगकाँगमार्गे ग्वांगझौला उतरायला त्यांना दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला. खरा प्रवास तिथून पुढे सुरू झाला. ऑक्टोबरमध्ये ग्वांगझौ आणि पाठोपाठ वुहान जपान्यांच्या हाती पडलं. डॉक्टरांचं पथक चोंगचिंगमार्गे येनानला, चिनी कम्युनिस्टांच्या तळावर, पोचलं ते १९३९च्या फेब्रुवारीत. म्हणजे समुद्र पंधरवड्यात ओलांडला आणि जमिनीवर पाच महिने गेले. सत्ताविशीतल्या त्या सोलापूरकराने काय पत्करलं होतं, हे या हिशेबातून जास्त कळतं, असं मला वाटतं.

विमानं ती सरळ रेषा का धरत नाहीत? कारण मध्ये तिबेटचं पठार आहे. त्याची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटर, म्हणजे जवळपास १५ हजार फूट. विमानातला हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला तातडीने दहा हजार फुटांच्या आसपास उतरावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू काही मिनिटांपुरताच असतो. तिबेटवर उतरायला खाली जागाच नाही. म्हणून भारत-चीन विमानं सहसा पठाराला वळसा घालून म्यानमार आणि चीनच्या युन्नान प्रांताच्या बाजूने जातात.

१९४२मध्ये जपानने ब्रह्मदेशातून चीनला जाणारा रस्ता तोडला, तेव्हा दोस्त राष्ट्रांनी आसाममधून युन्नानमधल्या कुनमिंगला विमानाने रसद नेली. हिमालयाच्या पूर्व टोकावरच्या त्या मार्गावर शेकडो विमानं पडली. त्याच वर्षी ९ डिसेंबरला हबेईतल्या एका खेड्यात कोटणीस वारले. वय अवघं ३२.

२०२०मध्ये कोरोनामुळे बंद पडलेली थेट विमानसेवा गलवानमधल्या भारत-चीन चकमकीनंतर बंदच राहिली. लोक बँकॉक, सिंगापूर, हाँगकाँग करत जात राहिले. अखेर २०२५च्या ऑक्टोबरमध्ये कोलकाता-ग्वांगझौ विमान पुन्हा उडालं. त्याच महिन्यात होटगी रस्त्यावरच्या आपल्या सोलापूर विमानतळावरून मुंबईची सेवाही सुरू झाली.

आता समाधीच्या दर्शनाला निघायचं, तर मुंबई, कोलकाता, ग्वांगझौ आणि मग उत्तरेकडे चीनचं देशांतर्गत विमान, असा मार्ग धरता येतो. मधल्या थांब्यांसह दीड दिवस तरी हाताशी ठेवावा.