हरिपाठ

हरिपाठ : वारकरी संप्रदायातील रोजच्या नामपठणाचा नेम, आणि त्या पठणासाठी रचलेल्या अभंगांचेही नाव. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ आणि तुकाराम या पाचही संतांच्या नावावर हरिपाठाचे अभंग आहेत. तरी नुसते ‘हरिपाठ’ म्हटले की ज्ञानदेवांचाच (१२७५–१२९६) समजायचा. त्यात २७, तर काही प्रतींत २८ अभंग मिळतात. त्यांची भाषा ज्ञानेश्वरीहून पुष्कळ सोपी असल्याने हे ज्ञानदेव निराळे असावेत, असेही काही अभ्यासकांनी मांडले. वारकऱ्यांच्या लेखी मात्र हा प्रश्न कधी उभाच राहिला नाही. शतकानुशतके तोंडोतोंडी चाललेल्या रचनेची भाषा म्हणणाऱ्यांबरोबर सोपी होत जाणार, हेही विसरता येत नाही.

‘देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी । तेणें मुक्ति चारी साधियेल्या ॥’ हे हरिपाठाचे पहिले चरण. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांच्या या बांधणीला छंदशास्त्रात देवद्वार हेच नाव मिळाले आहे. साधनेची सगळी मागणीही याच ओळीत आली आहे : दारात उभे राहा, तेही क्षणभर. आत जायची अट नाही, काही अर्पण करायचे नाही. पुढे ‘असोनि संसारीं जिव्हे वेगु करीं’ असे सांगितले आहे, म्हणजे घरदार सोडायचेही कारण नाही. ‘योग याग विधी येणें नोहे सिद्धी’ म्हणत कर्मकांडाचा बडेजाव बाजूला सारला आहे आणि ‘काळ वेळ नाम उच्चारितां नाहीं’ म्हणत मुहूर्ताची भीतीही काढून टाकली आहे. अडचणीत सापडलेल्या माणसाजवळ पैसा नसतो, उसंत नसते आणि पुष्कळदा मन लागत नसते. हरिपाठ यातले काहीच मागत नाही. मन लागो न लागो, जीभ चालू ठेवायची. संकटाच्या दिवसांत हा नेम टिकतो, त्याचे खरे कारण हे आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

देवळातला हरिपाठ सांजेला दिवेलागणीच्या सुमारास उभा राहतो. टाळकरी समोरासमोर दोन रांगा धरतात, मधे वीणेकरी आणि मृदंग. ‘जय जय रामकृष्ण हरी’चे भजन आणि विठ्ठलाच्या रूपाचा अभंग झाला की पाठ सुरू होतो. प्रत्येक अभंगानंतर ‘हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा । पुण्याची गणना कोण करी ॥’ हे ध्रुवपद येते. एका रांगेने चरण म्हणायचा, दुसरीने तो उचलायचा, आणि लय चढली की पावली धरायची, म्हणजे ठेक्यावर पावले टाकायची. अनोळखी माणूसही दुसऱ्या-तिसऱ्या ध्रुवपदाला पाय मिळवू लागतो. घरी याचेच लहान रूप असते : तुळशीपुढे दिवा, मांडीवर हाताळून झिजलेली छोटी पोथी, ओळीखालून सरकणारे आजीचे बोट आणि अक्षरओळख नसलेला नातू आजीच्याही आधी पुढचा चरण म्हणून मोकळा. बहुतेकांचा हरिपाठ असाच पाठ होतो. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेतही तो मुखोद्गत करून घेतात.

या पठणाने जीव शांत होतो याला श्वासाचीही बाजू आहे. एकेक चरण एका दमात जातो, समोरची रांग म्हणत असताना श्वास भरून घेता येतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००१ साली आलेल्या एका अभ्यासात कॅथलिक जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा जप म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर येते आणि हृदयाच्या तालावर त्याचा चांगला परिणाम होतो, असे आढळले. तो अभ्यास हरिपाठावरचा नव्हता, पण लयीत म्हटल्या जाणाऱ्या नामाला तो लागू पडावा. आजाराला औषध लागते ते लागतेच. वारकरीही हरिपाठाला औषध म्हणत नाहीत.

महाराष्ट्राने या नेमाचा कस अनेकदा पाहिला आहे. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकारामांचा व्यापार बुडाला, पत्नी अन्नावाचून गेली, आणि त्यानंतर त्यांनी धरले ते नामच. अलीकडे २०२० आणि २०२१ साली करोनामुळे आषाढीची पायी वारी निघाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. मुक्कामाच्या तळावर ज्या वेळी दिंडीचा हरिपाठ व्हायचा, त्या वेळी अनेक वारकरी घरच्या देवापुढे टाळ घेऊन उभे राहिले.

नामाला सूतक नाही, असे वारकरी मानतात. म्हणून मयताच्या घरीही दहाव्यापर्यंत संध्याकाळी शेजारपाजारची माळकरी मंडळी जमतात आणि हरिपाठ होतो. घरच्या माणसाला टाळ देतात. म्हणताना त्याचा कंठ दाटला तर त्याला कोणी काही बोलत नाही. चरण बाकीचे पुढे नेतात आणि ध्रुवपदाला तो पुन्हा येऊन मिळतो.